डिसेंबरात भावंडांचे दोन दिवस: हलशी आणि बैलहोंगलजवळ हुरडा, कसं जमवावं?

शहापूर_बेळगाव
नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चार भावंडं दोन दिवस एकत्र राहणार आहोत. दोघं पुण्याहून, एक बहीण हुबळीहून, एक इथलाच. आई (वय ७२, गुडघे दुखतात), आठ मोठी माणसं आणि तीन मुलं, असे बाराजण. हॉटेलात कोंडून घ्यायचं नाही, दिवस उघड्यावर काढायचाय. दुसऱ्या दिवशी बैलहोंगलकडे मामांच्या शेतात शाळवाचा (रब्बी ज्वारीचा) हुरडा करू असं ठरतंय, पण कणसं भाजायची आगटी कुणीच लावलेली नाही. पहिल्या दिवशी आईला झेपेल असं कुठे जावं? मुलं गोकाकचा धबधबा म्हणतात. आणि चार घरं एकत्र आली की कामावरून, पैशावरून जी कुरबूर होते, ती टाळायला काय करावं?

खानापूरकर
गोकाकचा धबधबा डिसेंबरअखेर नको. घटप्रभेचं पाणी तोवर ओसरतं आणि ५२ मीटरच्या कड्यावरून बारीक धारा तेवढ्या उरतात. तो जुलै ते सप्टेंबरात बघायचा.

पहिल्या दिवशी हलशी करा. बेळगावहून खानापूर सुमारे २६ किलोमीटर, तिथून नंदगडमार्गे हलशी आणखी पंधराएक. भूवराह नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंब राजांच्या काळातलं, १२व्या शतकातलं. आत समोरासमोर दोन गाभारे आहेत, मुलांना ते आधी न सांगता बघू द्या. डोंगर चढायचा नाही, म्हणून आईंना सोपं. वाटेत नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, त्यांना १८३१ साली तिथेच फाशी दिलं. देवळाच्या आवारात डबे उघडू नका. गावात विचारून एखाद्या झाडाखाली बसा, आणि आईंसाठी हात टेकायची सोय असलेली खुर्ची गाडीत टाकाच. सतरंजीवरून उठताना गुडघ्यावर सगळा भार येतो.

शाळू_माळ
हुरड्याचं मी सांगतो, कारण बहुतेकांचं तिथेच बिघडतं.

आधी कणीस बघा. दाणा नखाने दाबला आणि पातळ दूध आलं तर अजून चार-पाच दिवस थांबा. घट्ट, मऊ पीठ आलं तर तोच हुरडा. नख रुतलं नाही तर वेळ गेली, असा दाणा भाजूनही बोंडातून सुटत नाही. मामांना आठ दिवस आधी फोन करून हे बघायला सांगा, आणि त्या भागावर फवारणी झालीय का तेही विचारा. कणसं आदल्या दिवशी काढून ठेवू नका, गोडी उतरते. आगटी पेटली की मगच कापा, हातभर दांडा ठेवून. मोठ्या माणसाला तीन-चार, मुलाला दोन. चाळीस कणसांत तुमचं भागेल.

आगटी म्हणजे फूटभर खोल, दोन फूट रुंद खड्डा. शेणी (गोवऱ्या) खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या असल्या की धूर होतो आणि दाण्याला त्याचाच वास लागतो. भाजायच्या तासभर आधी पेटवा. जाळ पूर्ण बसून वर पांढरी राख धरली पाहिजे. घाई करून जाळावर कणीस धरलं की वरून करपतं, आत कच्चं राहतं. दांडा बाहेर ठेवून कणीस आरात (निखाऱ्यांत) खुपसा, वर गरम राख ओढा, मध्ये एकदा फिरवा. तीन ते पाच मिनिटं. हिरवा रंग काळपट झाला आणि खरपूस वास सुटला की काढा.

पुढचं काम दोघांचं. एकाने भाजायचं, दुसऱ्याने गोणपाटावर कणीस गरम असतानाच तळव्यांनी चोळायचं, मग सुपात पाखडायचं. गार झालं की दाणा सुटत नाही, म्हणून एका वेळी पाच-सहाच कणसं घाला. चोळणाऱ्याच्या हाताला चटके बसतात, दर दहा मिनिटांनी माणूस बदला. सोबत शेंगांची चटणी, जवसाची चटणी, घट्ट दही, गूळ आणि शेवटी आलं घातलेलं ताक.

दुपारी साडेतीनला सुरू करा. सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, लगेच गारठा पडतो. आईंची खुर्ची वारा येतो त्या बाजूला, म्हणजे धूर त्यांच्याकडे जाणार नाही. वेळ अमावास्या त्या आठवड्यात येत नाही ना, कॅलेंडर बघा. त्या दिवशी घरोघरची माणसं शेतात जेवायला जातात, मामांकडेही आधीच गर्दी असेल.

टिळकवाडीची_ताई
कुरबूर बहुतेक एकाच गोष्टीवरून होते. बेळगावच्या घरची वहिनी दोन दिवस यजमानीण होऊन राबते आणि माहेरवाशिणी अवघडून बसतात. म्हणून घरी स्वयंपाक ठेवूच नका. खानावळीत सांगून ज्वारीच्या साठ कडक भाकऱ्या, भरली वांगी आणि झुणका आणा. कडक भाकरी चार दिवस टिकते, उरली तरी वाया जात नाही. चहाची जबाबदारी एका दिवशी दोन भावांवर, दुसऱ्या दिवशी जावयांवर, आणि ही नावं निघायच्या आधीच ठरलेली असू द्या.

पैसे: प्रत्येक घराने निघण्यापूर्वी सारखी रक्कम एकाच्या खात्यात टाकायची, पेट्रोलसकट सगळं त्यातून. त्या त्या वेळी ज्याने त्याने खिशातून दिलं की शेवटी हिशेब कुणालाच लागत नाही आणि मोठा भाऊ गप्प बसून सोसतो. आईंचा वाटा धरू नका.

शहापूर_बेळगाव
मनापासून धन्यवाद. शेणी किती न्याव्यात? आणि आगटी विझवायची कशी?

शाळू_माळ
मध्यम आकाराच्या पंचवीस-तीस, आणि दहा जादा. विझवताना नुसती माती टाकू नका, खाली आर तासन्‌तास जिवंत राहतो आणि शाळवाचा वाळका पाला शेजारीच असतो. दोन घागरी पाणी ओता, काठीने खालीवर करा, पुन्हा पाणी. हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही ना बघा, मगच माती ओढा.