दिल्ली बघायला जाताय? मग पंचतारांकित हॉटेलचा नाद सोडा

मुळामुठा

दिवाळी आटोपली की ओळखीतले लोक दिल्लीची तिकिटं काढतात आणि मला फोन करतात, "हॉटेल कुठलं घेऊ?" नोकरीपायी काही वर्षं तिथे काढल्याचा हा दंड. यंदा सगळ्यांना एकदमच उत्तर देऊन टाकतो.

चार दिवसांच्या सहलीत एका रात्रीचे पंधरा-वीस हजार मोजणं हा दिल्लीत शुद्ध वेडेपणा आहे. मुंबईत निदान खिडकीतून समुद्र दिसतो, उदयपुरात तलाव दिसतो. दिल्लीत दिसते समोरची गच्ची आणि तिच्यावरचे एसीचे डबे.

दिल्लीची खरी चैन म्हणजे जागा. मुंबई-पुण्याच्या माणसाला जन्मात मिळत नाही ती गोष्ट. रुंद रस्ते, दुतर्फा कडुनिंब, जांभूळ, अर्जुन, आणि बराच वेळ चाललं तरी एक दुकान लागत नाही. नवी दिल्लीचा आराखडा करणारा इंग्रज वास्तुविशारद ल्युटेन्स, त्याच्या नावाचा सरकारी बंगल्यांचा 'ल्युटेन्स बंगला झोन' साधारण २८ चौरस किलोमीटरचा आहे. त्यातली बहुतेक जमीन सरकारची, टॉवर बांधायला मनाई. जगातल्या किती राजधान्यांच्या पोटात एवढी मोकळीक उरलीय?

आणि ती फुकटात अनुभवता येते. लोधी गार्डनला तिकीटच नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या मकबऱ्यांच्या सावलीत सतरंजी टाकून दुपारभर लोळा, कुणी उठवत नाही. सुंदर नर्सरी २०१८ मध्ये नव्याने खुली झाली, नव्वद एकर, तिकीट नावापुरतं. तिला लागूनच हुमायूनचा मकबरा. हेली रोडवरची अग्रसेन की बावली, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर, फुकट. संध्याकाळी कर्तव्यपथाची हिरवळ. झोपायला करोलबागेत किंवा पहाडगंजात दोन-अडीच हजारांची स्वच्छ खोली, मेट्रो जवळ. वाचलेल्या पैशांत जामा मशिदीजवळ 'करीम'मध्ये जेवा, ते दुकान १९१३ पासून चालू आहे. शाकाहारी असाल तर चांदनी चौक तुमचाच.

काढा आता तलवारी.

वैनगंगा

असहमत. आणि जरा रागानेच असहमत.

"दोन-अडीच हजारांची स्वच्छ खोली" हे वाक्य नेहमी पुरुष लिहितात. आई आणि सासूबाईंना घेऊन गेलेल्या बाईने लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. आम्ही अशीच खोली घेतली होती. नाव लिहीत नाही, अशी पन्नास असतील. फोटोत खिडकी होती; प्रत्यक्षात ती डक्टमध्ये उघडत होती. कडीला खिट्टी नव्हती म्हणून रात्री दाराला खुर्ची लावून झोपलो. लिफ्ट "कल ठीक हो जाएगी". तिसऱ्या मजल्यावर चढून सासूबाईंचे गुडघे जे दुखायला लागले ते लाल किल्ल्यात गेलो तरी थांबले नाहीत. तिथलं सगळं वैभव त्यांनी दिवाण-ए-आमच्या अलीकडे एका बाकावर बसून पाहिलं.

तुम्ही म्हणता ती मोकळी जागा रात्री आठनंतर बाईमाणसाला किती मोकळी असते? ते झाडांचे निर्मनुष्य रस्ते दिवसा फोटोत छान दिसतात. चांगलं हॉटेल म्हणजे मी मोजते दाराशी उभ्या असलेल्या माणसाचे, चालणाऱ्या लिफ्टचे आणि पहाटे साडेचारला गाडी वेळेवर येण्याचे पैसे. तुम्हाला त्यात चैन दिसते, मला गरज दिसते.

जुना_वाडा

वैनगंगाताईंचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे, तो आहेच. माझी हरकत वेगळी. मुळामुठा, तुम्ही हॉटेलं एकीकडे आणि प्रेक्षणीय स्थळं दुसरीकडे अशी वाटणी केलीत, ती दिल्लीत चालत नाही. तिथली काही हॉटेलं हीच स्थळं आहेत.

सिव्हिल लाइन्समधलं 'मेडन्स' घ्या. १९०३ चं. म्हणजे राजधानी कलकत्त्याहून हलवायची घोषणा व्हायच्याही आठ वर्षं आधीचं. नवी दिल्ली उभी राहत असताना ल्युटेन्स इथे मुक्कामाला असायचा. ज्या झोनच्या प्रेमात तुम्ही पडलात, त्याचा कर्ता हॉटेलात झोपून कामावर जात होता.

जनपथावरचं 'इम्पीरियल' १९३६ चं. ९ जून १९४७ ला मुस्लिम लीगच्या कौन्सिलची बैठक याच हॉटेलात भरली आणि तीन जूनची फाळणीची योजना तिथे मान्य झाली. बैठक चालू असताना फाळणीला विरोध करणाऱ्या खाकसार संघटनेचे लोक बेलचे (फावडी) घेऊन आत घुसले होते. दोन देशांच्या नकाशाचा निर्णय जिथे झाला तिथे लोक आज चहा आणि स्कोन खातात, आणि आपण मात्र इतिहास बघायला रांगेत उभं राहून किल्ल्याचं तिकीट काढतो.

आणि चाणक्यपुरीतलं 'अशोक'. १९५६ ला युनेस्कोची सर्वसाधारण परिषद दिल्लीत भरणार होती आणि जगभरच्या पाहुण्यांना उतरवायला शहरात पुरेशी जागा नव्हती, म्हणून नेहरूंच्या आग्रहाने ते उभं राहिलं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाने सरकारी पैशाने एवढं मोठं हॉटेल बांधावं का, हा वाद आपल्या या धाग्याचा आजोबाच. आता ते खासगी हातात भाडेपट्ट्याने देण्याच्या गोष्टी बरीच वर्षं चालू आहेत. त्याआधी एक रात्र तिथे राहून घ्यावं असं माझं प्रामाणिक मत. नळ-दरवाजे यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

मुळामुठा

जुना_वाडा, माहिती उत्तम, निष्कर्ष चुकीचा. इतिहास बघायला खोली कशाला घ्यायची? इम्पीरियलच्या पामच्या झाडांमधल्या रस्त्याने आत जा, भिंतींवरची जुनी चित्रं बघा, एक कॉफी घ्या, बाहेर या. आयटीसी मौर्य हॉटेलच्या लॉबीत घुमटाच्या आतून कृष्ण खन्ना यांनी रंगवलेलं प्रचंड भित्तिचित्र आहे. मान वर करून बघायला कुणी पैसे मागत नाही. मी पाहुण्यांना तेच दाखवायचो. वरच्या आलिशान खोल्यांत कुठला राष्ट्राध्यक्ष झोपला होता याच्याशी माझं काय देणंघेणं?

जुना_वाडा

म्हणजे हॉटेल असावं, चित्र असावं, कार्पेट असावं, फक्त त्याचं बिल वरच्या मजल्यावरच्याने भरावं. पुणेरी अर्थशास्त्र.

की_कार्ड

हॉटेल धंद्यात आहे, त्यातली काही वर्षं दिल्लीत. दोन्ही बाजूंना थोडं सुनावतो.

पहिलं, जमीन. मुळामुठांना वाटतं जागा सरकारकडे आणि हॉटेलवाले वेगळे. अहो, मोक्याच्या हॉटेलांखालची जमीनही सरकारी आहे. मानसिंग रोडचं ताज १९७८ चं, जागा नवी दिल्ली नगरपालिकेची. ३३ वर्षांचा करार २०११ ला संपला. मग मुदतवाढ, कोर्टकचेरी, आणि शेवटी २०१८ मध्ये लिलाव. त्यात टाटांच्याच कंपनीने ते परत मिळवलं, पण आधीपेक्षा कितीतरी जास्त परवाना शुल्क कबूल करून. तुमच्या बिलात हे सगळं असतं. टॉवेल आणि साबण हा त्यातला किरकोळ भाग.

दुसरं, दर. "पंधरा-वीस हजार" हा आकडा कुठल्या तारखेचा? दिल्लीच्या बड्या हॉटेलांचं पोट पर्यटकावर चालत नाही. सोमवार ते गुरुवार कंपन्यांची आणि सरकारी कामाला आलेली माणसं, शिवाय परिषदा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं. तिथली लग्नं म्हणजे आपल्याकडची मंगल कार्यालयाची एक दुपार नव्हे; वऱ्हाड तीन दिवस मजलेच्या मजले अडवून बसतं. तुम्ही नेमके त्याच थंडीत जाणार आणि दर बघून कपाळाला हात लावणार. तेच हॉटेल मे-जूनमध्ये पाहा, किंवा विमानतळाजवळच्या एरोसिटीत शनिवार-रविवार पाहा. कंपनीचा माणूस घरी गेलेला असतो, खोल्या रिकाम्या. तिथून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन वीसेक मिनिटांवर.

आणि कराची पायरी बघा. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी, त्याच्या वर १८ टक्के. सात हजार चारशेची खोली आणि आठ हजारांची खोली यांच्यात खरा फरक सहाशेचा राहत नाही, सोळाशे-सतराशेवर जातो. हे बुकिंग करताना कुणी बघत नाही. वैनगंगाताईंना जे हवंय, लिफ्ट, पहारा, वेळेवर गाडी, ते साडेसात हजारांच्या आत मिळतं. बिगर-सीझनला आरामात, थंडीत शोधावं लागतं.

करोलबागकर

तीन पिढ्या दिल्लीत. आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीत आले ते इथलेच झाले. वाचून करमणूक झाली.

मुळामुठा, तुमची "फुकटची चैन" थोडी तपासू. ल्युटेन्स झोनमधली हिरवळ तुम्हाला दिसते ती कुंपणाच्या बाहेरून. आत कोण आहे? मंत्री, न्यायाधीश, खासदार, सचिव. महिना काही हजार रुपये शुल्क देऊन ते अशा बंगल्यात राहतात ज्याच्या शेजारचा खासगी बंगला विकायला निघाला तर शेकडो कोटींची भाषा होते. दिल्ली जिमखाना बघा, १९१३ चा क्लब, सरकारी जमीन सत्तावीस एकर, सदस्यत्वासाठी माणसं दशकानुदशकं रांगेत. दिल्ली गोल्फ क्लबच्या आवारात मुघलकालीन मकबरे आहेत. लोधी गार्डनसारखेच. फक्त ते बघायला तुम्हाला सतरंजी पसरता येणार नाही, कुणीतरी सदस्याने आत न्यावं लागेल. त्याच गोल्फ क्लबचं दृश्य मात्र 'ओबेरॉय' हॉटेलच्या खोलीतून दिसतं. पैसे मोजून का होईना, दिसतं तरी! तेव्हा सरकारी जागा म्हणजे लोकांची जागा हे डोक्यातून काढा. हॉटेलात निदान दरपत्रक असतं. बंगल्याला ओळख लागते.

आणि हवा. डिसेंबरात पाहुण्यांना सुंदर नर्सरीत दुपारभर लोळायला सांगताय? दिवाळीनंतर इथे हवेचा निर्देशांक चारशेच्या वर जातो, शाळा बंद होतात, बांधकामं थांबवतात. 'ओबेरॉय' दुरुस्तीनंतर २०१८ ला पुन्हा उघडलं तेव्हा खोलीतली स्वच्छ हवा हाच जाहिरातीचा विषय होता. माझ्या मुलाला दमा आहे. घरात दोन एअर प्युरिफायर चालतात, फिल्टर बदलायचा खर्च वेगळा. दिल्लीतली चैन काय ते आम्हाला विचारा: श्वास, आणि उन्हाळ्यात टँकरशिवाय पाणी.

ज्यांना पैसा आहे पण ओळख नाही, ते गुडगावला गेले. गोल्फ कोर्स रोडवर 'कॅमेलियाज' या निवासी संकुलात २०२४ च्या अखेरीस एक पेंटहाउस १९० कोटींना गेल्याची बातमी होती. ती दिल्ली नव्हेच, हरियाणा. मोठा पाऊस झाला की याच गुडगावच्या रस्त्यांवर गुडघाभर पाणी असतं. १९० कोटींत फाटकाच्या आतलं सगळं मिळतं, बाहेरचा नाला मिळत नाही.

खमंग

एवढं सगळं कशाला? महाराष्ट्र सदनात उतरा की.

करोलबागकर

@खमंग, खोली मिळायला आमदाराचं पत्र कुठून आणणार? जेवायला मात्र जरूर जा, कस्तुरबा गांधी मार्गावर. आंध्र भवनची थाळी जास्त गाजते, पण आठवडाभर छोले खाऊन झाल्यावर पिठलं-भाकरीचं मोल कळतं. अवांतर: त्याच परिसरात बडोदा हाउस आहे, गायकवाडांसाठी ल्युटेन्सने बांधलेलं. आता तिथे उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे आणि राजवाड्यात फायली.

मुळामुठा

करोलबागकर, हवेचं मान्य. मग उत्तर सोपं आहे, डिसेंबरात जाऊच नका. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते होळी, तेव्हा राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यानही खुलं असतं, प्रवेश फुकट, आधी ऑनलाइन नोंदणी करायची.

बंगल्यांचं मात्र तुम्ही माझ्याच पारड्यात टाकलंत. सत्तेची चैन विकत मिळत नाही हेच तर मी म्हणतोय. मग हॉटेलात वीस हजार देऊन आपण काय विकत घेतो? दारवान सलाम ठोकतो तेवढ्यापुरता साहेब झाल्याचा भास. लोधी गार्डनमध्ये सकाळी निवृत्त सचिव आणि मी एकाच पायवाटेवर चालत असतो, कोण कोणाला ओळखतो? ती बरोबरी दिल्लीत दुसरीकडे कुठे मिळते ते सांगा.

की_कार्ड

दारवान सलाम ठोकतो त्याचं काम म्हणून, हो. त्यात बारा तास उभं राहणं असतं. तुम्ही लॉबीतलं चित्र बघून कॉफी न घेता निघालात तरी तो ठोकतो.

वैनगंगा

मी फेब्रुवारीच्या तारखा बघितल्या. साडेसात हजारांच्या आत, लिफ्टवालं, मेट्रोजवळ, एक सापडलंय. की_कार्ड, रविवारी रात्री उतरले तर दर कमी पडेल का, तेवढं सांगा.

आणि मुळामुठा, लोधी गार्डनला आम्ही जाणारच. सचिवांबरोबर चालायची हौस नाही, पण सासूबाई पुन्हा सोबत आहेत. आतलं स्वच्छतागृह कुठल्या फाटकाजवळ आहे ते कळवा. बरोबरीचं नंतर बघू.