‘गावचं तेच खा’ म्हणणाऱ्यांनी एकदा ट्रकचं डिझेल मोजावं

घाटउतार:
काल एका ओळखीच्यांनी लिहिलं, “घाटावरून ट्रकने येणारी भाजी खाणं म्हणजे डिझेल खाणं. पर्यावरण वाचवायचं असेल तर कोकणातलंच खा.” खाली नुसत्या टाळ्या. राहवलं नाही, म्हणून लांबण लावतोय.

कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला यायला सव्वाशे-दीडशे किलोमीटर. दहा टन माल भरलेल्या ट्रकला पस्तीस-चाळीस लिटर डिझेल लागतं. दहा हजार किलोंवर वाटून बघा, किलोमागे चमचाभरही येत नाही. आणि गावठी माठाच्या दोन जुड्यांसाठी आपण स्कूटरवर जाऊन-येऊन वीस किलोमीटर करतो, त्यात अर्धा लिटरभर पेट्रोल जळतं.

2018 साली ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांचा अभ्यास आला. 119 देशांतल्या सुमारे 38,700 शेतांची माहिती त्यात होती. त्यावरून अन्नामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा 6 टक्क्यांच्या आसपास निघतो. बाकीचं बहुतेक शेतात, गोठ्यात, खतात आणि जंगलतोडीत. आपल्या खाचरात पाणी तुंबलं की मिथेन निघतोच, भात गावचं आहे म्हणून तो कमी निघत नाही.

आणि हापूस? 2007 साली अमेरिकेचं दार उघडलं तेव्हा आपण केवढे खूश झालो. तो विमानाने जातो. तेवढ्याच अंतराला विमानाचं उत्सर्जन टनामागे जहाजाच्या पन्नासपट धरतात. आपला आंबा विमानात बसला तर अभिमान आणि त्यांचा कोबी ट्रकमध्ये बसला तर पाप, हे मला पटत नाही.

मळेकरीण:
6 टक्के हा शेवटचा शब्द नाही. 2022 साली ‘नेचर फूड’मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. खतं, औषधं, यंत्रं शेतापर्यंत आणायची वाहतूकही त्यांनी धरली, तर वाटा 20 टक्क्यांच्या जवळ गेला. फळं आणि भाज्यांत तर वाहतुकीचं उत्सर्जन पिकवण्याच्या जवळजवळ दुप्पट. आपण इथे भाजीबद्दलच बोलतोय ना? मग भात आणि गोठा कशाला मध्ये आणता? तुमचा ट्रक परत जाताना रिकामा जातो, ते डिझेलही धरलेलं नाही.

आणि स्कूटरचं मला सांगू नका. माझी आई व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, बांध घालून वायंगणी मळा करायची, पावसाळ्यानंतरचा भाजीचा. पहाटे कळशीने शिंपण, मग माठ आणि मुळा उपटून व्हाळातच धुवायचा, केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या पट्टीने, जुड्या बांधायच्या आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजारात चालत. जुडीची मुळं ओलीच असायची. माझ्या शाळेची फी त्या टोपलीतून निघाली. घाटावरचा टेम्पो रोज यायला लागला, कोथिंबीर तिच्या निम्म्या दराने पडायला लागली आणि तीन वर्षांत मळा बंद. आज त्या जागेवर प्लॉटिंगचे खांब आहेत. हे तुमच्या चमच्यात मावतं का?

वाडीतलो:
ताई, टेम्पोने नाही, माकडांनी बंद केले मळे. सगळे गावचं खा म्हणतात, पण गावात पिकतं काय? माकडां काय्येक ठेवनत नाय. गेल्या वर्षी सहा गुंठ्यांत पडवळ, दोडकी, तवशी (काकडी) केली. तीन महिने मी आणि बायको आळीपाळीने राखण. एका दिवशी साडेदहाला चहा घ्यायला घरात गेलो, परत येतो तर मांडव खाली. एकेक तवशी एकदा चावून टाकलेली, खातही नाहीत धड. कार्बाइडची बंदूक आठ दिवस चालली, नवव्या दिवशी आवाजाला भीत नाहीत. पंचनाम्याला साहेब आले तोपर्यंत वेल सुकलेले. मिळालेल्या पैशांत बियाणंही आलं नाही.

चाकरमानी:
माकडं खाली आली कारण वर त्यांना काही ठेवलं नाही. डोंगर साफ करून कलमं आणि काजू लावले. उंबर, भेडस, करवंदाच्या जाळ्या गेल्या. मग ती परसात येणारच.

वाडीतलो:
तुम्ही गणपतीला पाच दिवस येता, मोदक खाता आणि आम्हाला डोंगर शिकवता. काजू लावला नसता तर पोरांना काय खायला घातलं असतं, ते सांगा. एक दिवस राखणीला बसा माझ्याबरोबर.

चाकरमानी:
माझ्या वाटणीची जमीनही पडीकच आहे. आई होती तोवर कुळीथ व्हायचा. दुखलं म्हणूनच लिहिलं.

घाटउतार:
माकडांवर वेगळं लिहा, पण मूळ मुद्दा सोडू नका.

वाडीतलो:
हाच मूळ मुद्दा आहे! पिकलंच नाही तर लांबचं की जवळचं, हा प्रश्नच कुठे येतो?

काजूवाला:
काजूचं नाव निघालं म्हणून लिहितो. कच्ची बी बेनिन, आयव्हरी कोस्टहून जहाजाने येते. घाटउतारांच्या हिशोबाने जहाजाचं उत्सर्जन किरकोळ, म्हणजे सगळं ठीक? त्या बीमुळे आमच्या बीचा दर पडतो. दर पडला की बागेत बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढणं, होत नाही, बेणणी नाही म्हणून उन्हाळ्यात वणवा लागतो. मागच्या वर्षी माझी साठ झाडं गेली. धरा आता हिशोबात त्या झाडांचा धूर.

घाटउतार:
झाडांचं वाचून वाईट वाटलं. वणव्याचा विचार मी केला नव्हता, हे खरं. मळेकरीणताईंचा दुप्पटचा मुद्दाही भाज्यांपुरता मान्य, आणि रिकाम्या ट्रकचे दोन चमचे धरा. पण तुमच्या आई चालत जायच्या तो काळ गेला. आता गावठी म्हणून जे विकलं जातं त्यातलं अर्धं सकाळी त्याच घाटावरच्या टेम्पोतून उतरतं. मी स्वतः पाहिलंय, वर फक्त केळीचा सोप बांधतात.

मळेकरीण:
सोप बांधून फसवतात ते चूकच. पण म्हणून मळा करणारी उरलीच नाही, असं नाही. आमच्या वाडीत अजून दोघीजणी आहेत, त्यांच्याकडून घ्या. जाता-येता वाटेवर आहेत, स्कूटर वेगळी काढायला नको.

आणि वाडीतलोदादा, हळद, सुरण लावून बघा. माकडं हात लावत नाहीत.

वाडीतलो:
सुरण डुकरांनी उकरला. हळद घातलीय यंदा चार गुंठ्यांत, छान आलीय. पण ताई, संध्याकाळी भाकरीबरोबर खायला भाजी लागते. ती मी अजून त्या टेम्पोवाल्याकडूनच आणतोय.