रायडिंग मॉवरचं (बसून चालवायच्या गवत कापणी यंत्राचं) इंजिन किती टिकतं?

मंडळी, ओहायोत घर घेतलंय, लॉन एक एकर. जुना मॉवर मिळतोय, मीटरवर 400 तास. घेऊ का?

— तासांपेक्षा निगा कशी राखलीय ते बघा. नीट सांभाळलं तर साधं सिंगल सिलिंडर 500 ते 1000 तास जातं, व्ही-ट्विन (दोन सिलिंडरवालं) त्याहून जास्त. एक एकराला सीझनमध्ये 30-40 तास लागतील फारतर.

— ऑइल दर 50 तासांनी नाहीतर सीझनला एकदा बदलाच, पण इंजिनाची खरी वाट लागते ती उष्णतेने, एअरकूल्ड म्हणजे हवेनेच थंड होणारं असतं ना, कूलिंग फिन्समध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांत) गवत अडकतं आणि कोणी कव्हर काढून बघतच नाही!!

— हिवाळ्यात टाकीत इथेनॉलवालं पेट्रोल तसंच ठेवू नका, कार्ब्युरेटर चोंदतो, पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर घाला. आणि घेताना इंजिन थंड असतानाच स्टार्ट करायला लावा, निळा धूर येतच राहिला तर सरळ नाही म्हणा.