हळद-आल्याचं गार पेय: हळद तळाशी बसते आणि चव कडू लागते, काय चुकतंय?

निळी_वही
नमस्कार मंडळी. आईला गेली तीन वर्षं आमवात आहे, गोळ्या चालू आहेत. आता डॉक्टरांनी अँटी-इन्फ्लमेटरी (सूज कमी करणारं) डाएट सांगितलंय, म्हणजे गोड, तळलेलं, पॅकेटमधलं सगळं कमी. पण तिला दुपारी चारला काहीतरी गार लागतंच, इतके दिवस बाटलीतलं गोड सरबत असायचं ते बंद झालं आणि तिचा तेवढा वेळ अगदी सुना जातो, मला बघवत नाही. म्हणून हळद, आलं, लिंबू सगळं एकत्र उकळून फ्रीजमध्ये ठेवलं. तासाभरात तळाशी पिवळा गाळ, वर फिकट पाणी आणि चव कडूजहर. आईने दोन घोट घेतले आणि ग्लास हळूच बाजूला सरकवला, बोलली काहीच नाही. मध घातला तर चालेल का?

पाऊलवाट
अहो, हळद पाण्यात विरघळतच नाही, ती खाली बसणारच, त्यात तुमचं काही चुकलं नाही. चुकलं ते लिंबू उकळलंत हे. सालीसकट टाकलं असेल तर कडवटपणा सगळा पाण्यात उतरला, शिवाय उष्णतेने सी व्हिटॅमिनही कमी होतं. लिंबू नेहमी शेवटी, ग्लासात.
मी असं करते. एक लिटर पाण्यात दोन इंच आलं किसून आणि हळद फक्त पाव चमचा, झाकण ठेवून मंद गॅसवर 10 मिनिटं, मग गॅस बंद करून तसंच निवू द्यायचं आणि सुती फडक्यातून गाळायचं, गाळणीतून नको कारण बारीक हळद गाळणी सोडते आणि मग घशाला खरखरते. फडकं जुनंच घ्या, पिवळं होतं, धुऊन उन्हात टाकलं की डाग बराच उडतो. गाळलेल्या पाण्यात काकडीच्या पातळ चकत्या आणि हातानेच चुरडलेला पुदिना (मिक्सरमध्ये फिरवला की कडवट होतो आणि रंगही जातो), किंचित मीठ, आणि दोन तास फ्रीज. प्यायच्या वेळी अर्धं लिंबू. दोन दिवसांत संपवा. आलं जास्त झोंबलं तर पुढच्या वेळी 5 मिनिटंच उकळा.
मध म्हणजे साखरच हो, एका चहाच्या चमच्यात साधारण 6 ग्रॅम. सुरुवातीला अर्धा चमचा घाला आणि आठवड्याभरात बंद करा, जिभेला सवय होते.

दुपारचं_ऊन
मिरपूड राहिली की! हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे ज्यासाठी हळद घ्यायला सांगतात तो घटक, शरीरात फार कमी शोषलं जातं आणि मिऱ्यातल्या पिपरीनने ते वाढतं. 1998 च्या एका अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर शोषण सुमारे 20 पट वाढलेलं दिसलं होतं. पण एक मनापासून सांगते, हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के, म्हणजे तुमच्या पाव चमच्यात जेमतेम 20 मिलिग्रॅम, आणि त्यातलंही बरंचसं त्या फडक्यातच राहणार. तेव्हा चिमूटभर मिरपूड जरूर घाला, पण या ग्लासाने सांधे मोकळे होतील अशी आशा आईला लावू नका, तिचा हिरमोड होईल. खरा फायदा आहे तो या ग्लासाने जे बाजूला सारलं त्याचा. 330 मिलीच्या कोलाच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभराची वरची साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा. रोज चारला ती साखर टळली हेच केवढं मोठं आहे.

स्वयंपाकघरातून
वरचं सगळं पटलं, पण आधी आईंच्या गोळ्यांची यादी बघा. माझे सासरे रक्त पातळ करायची गोळी घेतात आणि मी चांगल्या हेतूने त्यांना रोज हळदीच्या कॅप्सूल देत होते, डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी लगेच बंद करायला लावल्या. स्वयंपाकातल्या हळदीला हरकत नव्हती, कॅप्सूलला होती. पित्ताशयात खडे असतील किंवा मुतखड्याचा त्रास असेल तरीही रोजची जास्तीची हळद विचारूनच.
आणि रोज हळद कशाला? एखाद दिवस ग्रीन टीची पानं गार पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, उकळत्या पाण्यात येतो तसा तुरटपणा येत नाही, सकाळी गाळून त्यात पुदिना. फक्त संध्याकाळी उशिरा देऊ नका, झोप जाते.

निळी_वही
सगळ्यांचे खूप आभार. मी हळद चांगला एक मोठा चमचा भरून घातली होती आणि लिंबू सालीसकट, आता कळलं. काल पाऊलवाटताईंच्या पद्धतीने केलं, मध अर्धा चमचा, मिरपूड अगदी किंचित. आईने ग्लास संपवला आणि तळातल्या काकडीच्या चकत्याही चमच्याने काढून खाल्ल्या, वर म्हणाली उद्या पुदिना जास्त घाल. तिला रक्त पातळ करायची गोळी नाही, पण पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मंगळवारी डॉक्टरांना विचारेपर्यंत हळद वगळून नुसतं आलं-काकडीचं करतेय.