‘विसंगत पद’ ओळखताना शब्द अडतो, तेव्हा काय करायचं?

पालक, कागल

मुलगी पाचवीत आहे. सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा मराठी माध्यमातून देणार आहे. बुद्धिमत्तेचे २५ प्रश्न, ५० गुण. त्यात संख्या आणि आकृत्यांचं वर्गीकरण ती पटापट करते, शब्द आले की अडते. परवा सरावात हा गट होता : नांगर, कुळव, कुरी, मोट. तिनं ‘कुरी’वर खूण केली. कारण विचारलं तर म्हणाली, “हा शब्द मी कधी ऐकलाच नाही.” आमची शेती आहे, पण पेरणी ट्रॅक्टरनं होते, त्यामुळे कुरी तिनं पाहिलेलीच नाही.

‘विसंगत’चा अर्थ तिला कसा समजावू? आणि दुसरी शंका माझी स्वतःची. एका संचात ‘आले, हळद, बटाटा, रताळे’ याचं उत्तर रताळे दिलंय. दुसऱ्यात ‘गाजर, मुळा, रताळे, बटाटा’ याचं उत्तर बटाटा. आमच्या घरी रताळं आणि बटाटा दोन्ही कंदच. मग एकदा हे वेगळं, एकदा ते, असं कसं?

शिक्षिका, राजारामपुरी

ताई, तुमच्या मुलीनं जे केलं ते बहुतेक मुलं करतात. अनोळखी शब्द हाच वेगळा शब्द, असं त्यांना वाटतं. ‘विसंगत’ या शब्दाचाही त्यात वाटा आहे. संगती म्हणजे मेळ, आणि मेळ न बसणारं ते विसंगत. पण रोजच्या बोलण्यात आपण ‘त्याचं बोलणं विसंगत आहे’ असं म्हणतो तेव्हा त्यात दोष दाखवलेला असतो. मूलही मग चारांत चुकीचा, विचित्र वाटणारा शब्द शोधायला लागतं. प्रश्नात तसा दोष कुठल्याच शब्दाचा नसतो. म्हणून मी वर्गात ‘गटात न बसणारा शब्द’ असंच म्हणते आणि ‘विसंगत पद’ हे प्रश्नपत्रिकेतलं नाव नंतर सांगते.

वेगळा शब्द आधी शोधायचाच नाही. आधी गटाला नाव द्यायचं. तिला हे वाक्य मोठ्यानं पूर्ण करायला लावा : “बाकीची तिन्ही ... आहेत, हे नाही.” गाळलेली जागा भरता आली नाही तर ते उत्तर धरायचं नाही. तुमच्याच गटात नांगर जमीन उलथतो, कुळव ढेकळं फोडून तण काढतो, कुरीनं बी पेरतात. तिन्ही जमिनीच्या मशागतीची आणि पेरणीची अवजारं. मोट विहिरीतून पाणी उपसते. ‘बैल ओढतात’ हे नाव दिलं तर चारही आत येतात, म्हणून ते नाव निरुपयोगी. आणि समजा तिला कुरी माहीतच नाही, तरी नांगर, कुळव आणि मोट या तिघांत मोट बाजूला पडते एवढं तिला कळू शकतं. एक अनोळखी शब्द असूनही प्रश्न सुटतो, हे तिला जरूर दाखवा. मुलांची भीती यानंच जाते.

दुसरी चाळणी दोन-दोनची. ‘गूळ, साखर, काकवी, मध’ घ्या. घट्ट आणि पातळ असे भाग केले तर दोन इकडे, दोन तिकडे. म्हणजे ती कसोटी सोडायची. उसापासून होणारं म्हटलं की तीन एकीकडे आणि मध बाजूला. आपल्या भागातल्या मुलांना काकवी सांगावी लागत नाही, गुऱ्हाळ त्यांनी पाहिलेलं असतं. असे घरचे शब्द सरावात मुद्दाम घ्या.

नवोदयच्या परीक्षेत मात्र बुद्धिमत्तेचे ४० प्रश्न आकृत्यांचे असतात. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र चालली असेल तर शब्दांसाठी वेळ वेगळा काढा.

शेतकरी, शिरोळ

रताळ्याचं मी सांगतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. बोलताना जमिनीखालचं जाडजूड, खाण्याजोगं सगळं आपण कंद म्हणतो, ‘कंदमुळं’ म्हणताना तर दोन्ही एकत्रच येतं. शास्त्राच्या पुस्तकात मात्र खोड आणि मूळ वेगळं धरतात. बटाट्यावर डोळे असतात, ते म्हणजे खोडावरचे कोंब, म्हणून डोळ्यासकट फोडी लावल्या की झाड येतं. आल्याला, हळदीला पेरं दिसतात. तीही खोडंच. रताळं हे फुगलेलं मूळ, गाजर आणि मुळ्यासारखं. त्यावर पेरं नाहीत. रताळ्याची लागण वेलाचे तुकडे लावून करतात. पोरीच्या हातात एक बटाटा आणि एक आल्याचा तुकडा द्या, डोळे आणि पेरं तिला स्वतः शोधू दे. मग रताळं द्या.

वाचक, प्रयाग चिखली

आमच्या गावचा एक : कासारी, कुंभी, तुळशी, वारणा. पहिल्या तिन्हींचं पाणी पंचगंगेत येतं, वारणा थेट कृष्णेला मिळते. ‘नदी’ या नावात चारही बसतात, म्हणून ‘पंचगंगेच्या उपनद्या’ असं नेमकं नाव द्यावं लागतं.

पालक, कागल

फार उपयोग झाला. अजून एक अडलंय : आत्या, मावशी, काका, मामी. मुलगी ‘काका’ म्हणते, कारण तो एकटा पुरुष. उत्तर ‘मामी’ आहे, कारण ती लग्नानं आलेली.

शिक्षिका, राजारामपुरी

तुमच्या मुलीचं उत्तर चूक धरू नका, प्रश्नच सदोष आहे. दोन वेगळ्या कसोट्यांनी दोन वेगळी उत्तरं येतात आणि दोन्ही तीन-एकच पडतात. हा सरावातून काढून टाका. त्याऐवजी ‘काकू, मामी, सासू, मावशी’ द्या. चौघी स्त्रिया, चौघी एका पिढीच्या. तिघींचं नातं लग्नानं जुळलेलं, मावशी तेवढी जन्माच्या नात्यातली. इथे मावशीच्या जागी आत्या घालू नका. आपल्याकडे बऱ्याच घरांत सून सासूला आत्याच म्हणते, आणि तेच रोज ऐकणारं मूल गोंधळेल.