मदत हवी आहे: काउंटी कमिशनरच्या पत्रात मोरीचं काम 'पूर्ण', आमच्याकडे पाणी तसंच. गुरुवारी सभेत काय बोलू?

अबोली | सोमवार, २९ सप्टेंबर २०२५, सकाळी ९:१२

घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. शनिवारी आमच्या काउंटी कमिशनरचं (काउंटी म्हणजे इथला जिल्हा, कमिशनर म्हणजे तिच्या बोर्डावर निवडून आलेला सदस्य) चार पानी पत्र आलं. वर्षभरात काय काय केलं ते: रस्त्यांचं डांबरीकरण, दोन पार्कांत नवी खेळणी, ज्येष्ठांच्या बसच्या वाढवलेल्या फेऱ्या, रंगाचे डबे आणि बॅटऱ्या नेऊन द्यायचे दिवस वगैरे. तिसऱ्या पानावर आमच्या रस्त्याचा नंबर आणि पुढे "मोरीचे काम पूर्ण". अहो, कुठलं पूर्ण? १४ जुलैला पाणी आलं ते रस्त्याखालच्या त्या मोरीमुळेच. बेसमेंटमध्ये कमरेइतकं पाणी होतं. घर गरम ठेवणारी फर्नेस गेली, वॉटर हीटर गेला, सासूबाईंचं शिलाई मशीन गेलं. तेव्हापासून एक माणूस फिरकलेला नाही. टाउनशिपला, म्हणजे गावाच्या ऑफिसला, फोन केला की म्हणतात रस्ता काउंटीचा. काउंटी म्हणते गटारं टाउनशिपची. गुरुवारी संध्याकाळी बोर्डाची सभा आहे, माइकवर तीन मिनिटं मिळतात म्हणे. नेमकं काय बोलायचं? कुणी गेलंय का? पटकन सांगा प्लीज.

सह्याद्रीचा_वारा | सकाळी ९:४०

अमेरिकेत कुठल्या राज्यात आहात? आमच्या टेक्ससमध्ये चार कमिशनर आणि एक काउंटी जज मिळून कारभार चालवतात. जज नावाला जज, मुख्य काम काउंटीचं बजेट आणि प्रशासन. प्रत्येक कमिशनरचा भाग ठरलेला असतो आणि गावाच्या हद्दीबाहेरचे रस्ते त्याच्याकडेच. सभेची वाट कशाला बघता, थेट त्याच्या ऑफिसात फोन लावा. मी लावला होता, दोन आठवड्यांत खड्डा बुजला.

निवांत | सकाळी ९:५८

कनेक्टिकटमध्ये काउंटी सरकार १९६० सालीच बंद केलं, आता काउंटी फक्त नकाशावर. सगळं टाउन बघतं. मला वाटतं तुमची चूक इथेच होतेय, टाउनच्याच मागे लागा.

लोणचं_मुरलेलं | सकाळी १०:०५

@निवांत, त्यांना कमिशनरचं पत्र आलंय म्हणजे त्यांच्याकडे काउंटी सरकार आहे. नीट वाचून उत्तर द्या ना.

अबोली | सकाळी १०:३१

न्यू जर्सी. लिहायचं राहिलं. काउंटीचं नाव मुद्दाम देत नाही, ओळखीचे बरेच जण इथे वाचतात.

पाटाचं_पाणी | सकाळी ११:१५

मी न्यू जर्सीतच आहे, २० वर्षं पूल आणि मोऱ्यांचीच कामं करतोय. आधी एवढं सांगा:

रस्त्यावर नंबराची पाटी कशी आहे? निळी, पाच कोनांची, वर पिवळे आकडे असतील तर रस्ता काउंटीचा. आकडा ५०० च्या घरातला की ६०० च्या? ५०० चे रस्ते एका काउंटीतून दुसरीत जातात, ६०० च्या पुढचे काउंटीच्या आतले.

पाणी कुठून आलं? मोरीच्या वरच्या अंगाला तुंबून मागच्या अंगणातून आलं, की रस्त्याच्या कडेच्या जाळीतून उलटं आलं?

आणि कुठली मोरी? पत्रात नंबराशेजारी ओढ्याचं किंवा आडव्या रस्त्याचं नाव आहे का? काउंटीच्या प्रत्येक पुलाला आणि मोठ्या मोरीला स्वतंत्र क्रमांक असतो. तो मिळाला तर निम्मं काम झालं.

अबोली | सकाळी ११:४४

पाटी निळीच, ६०० च्या पुढचा नंबर. पाणी मागच्या अंगणातून आलं. मोरी एकच आहे हो, आमच्या घरापासून चौथ्या घराशी. काल जाऊन बघितली. तोंडाशी गुडघाभर गाळ, गजांच्या जाळीत एक आख्खी फांदी आडवी, तिला रीसायकलिंगच्या डब्याचं झाकण आणि पोरांची प्लास्टिकची घसरगुंडी अडकलेली. हे "पूर्ण" म्हणायचं का?

घरचा_मिस्त्री | दुपारी १२:०२

सभा वगैरे सगळं नंतर. आधी बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा दुसरा संप पंप बसवा, बॅटरीवर चालणारा. वादळात वीज जाते आणि नेमका तेव्हाच पहिला पंप बंद पडतो. पंपाचा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा गोळा) अडकतोय का ते दर महिन्याला बादलीभर पाणी ओतून बघायचं. मी आयडा वादळानंतर, २०२१ च्या सप्टेंबरात बसवला, तेव्हापासून बेसमेंट कोरडं ठणठणीत आहे.

पाटाचं_पाणी | दुपारी १२:१०

पंप जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यासाठी असतो. अंगणातून लोंढा आला तर दोन काय, चार पंप पुरत नाहीत.

घरचा_मिस्त्री | दुपारी १२:१८

पुरतात. माझा अनुभव सांगतोय.

गोदाकाठ | दुपारी १:३०

मी नाशिकहून. काउंटी म्हणजे आपली जिल्हा परिषद आणि कमिशनर म्हणजे झेडपी सदस्य, असं समजायचं का? आमच्याकडेही अहवालात काम पूर्ण असतं. मी सरळ कार्यकारी अभियंत्याकडे मोजमाप पुस्तिका मागतो.

पुणेरी_न्यूजर्सीकर | दुपारी १:५२

जिल्हा परिषद म्हणून चालणार नाही. जिल्हा परिषद फक्त ग्रामीण भागासाठी, नाशिक शहर तिच्यात येत नाही. इथे न्यू जर्सीत २१ काउंट्या मिळून सगळं राज्य, शहरंसुद्धा काउंटीच्या आतच. प्रत्येक गावाची आपली वेगळी सत्ता आहेच, अशी ५६४ गावं आणि शहरं. म्हणून तर टोलवाटोलवी होते. इथल्या कमिशनरांना पूर्वी फ्रीहोल्डर म्हणत, १ जानेवारी २०२१ पासून नाव बदललं.

गोदाकाठ | दुपारी २:०५

पण रस्ते, मोऱ्या, दवाखाने, कामं तीच ना? तुलना कामाची करतोय, हद्दीची नाही.

पुणेरी_न्यूजर्सीकर | दुपारी २:११

कामंही तीच नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळा असतात, इथे गावातल्या शाळा स्कूल बोर्डाच्या. काउंटीकडे कम्युनिटी कॉलेज आणि व्होकेशनल शाळा.

अष्टगंध | दुपारी २:२०

व्हर्जिनियात शाळा, पोलिस, सगळं काउंटीकडे आणि रस्ते मात्र बहुतेक काउंट्यांत राज्याकडे. दर राज्यात वेगळं आहे, वाद कशाला. मला एक विचारायचंय. आई नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी माझ्या भावाकडे येतेय, न्यू जर्सीलाच. ती ज्येष्ठांची बस तिला मिळेल का?

दस्तऐवज | दुपारी ३:०७

अबोली, मी वकिलाच्या ऑफिसात काम करते, स्वतः वकील नाही. सभेपेक्षा एक गोष्ट तातडीची आहे. न्यू जर्सीत सरकारी संस्थेकडे नुकसानभरपाई मागायची तर नुकसान झाल्यापासून ९० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. १४ जुलैपासून ९० दिवस म्हणजे १२ ऑक्टोबर. तो रविवार आहे आणि सोमवारी कोलंबस डेची सुट्टी. म्हणजे तुमच्या हातात पुढचा शुक्रवार, १० तारीख. फोन केले ते ह्यात धरत नाहीत. ९० दिवस उलटले की कोर्टाची परवानगी काढावी लागते आणि ती सहज मिळत नाही.

पुणेरी_न्यूजर्सीकर | दुपारी ३:१५

@अष्टगंध, त्या बससेवेला अटलांटिक सिटीच्या कॅसिनोंवरच्या करातून पैसा येतो, चालवते काउंटी. वयाची अट आणि रहिवासाचा पुरावा काउंटीगणिक वेगळा. सहा महिन्यांच्या पाहुण्यांना अवघड वाटतं, भावाला फोन करून विचारायला सांगा.

रोखठोक_७१ | दुपारी ४:००

४ नोव्हेंबरला निवडणूक आहे, म्हणून ही पत्रं आता येतात. मत देता येत असेल तर तेच खरं उत्तर. नाव नोंदवलं नसेल तर १४ ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे.

अबोली | दुपारी ४:२६

आम्ही ग्रीन कार्डवर आहोत, मत नाही. सभेत बोलू देतील ना? आणि मी विचारलं ते राहिलंच की हो, तीन मिनिटांत काय बोलू?

लोणचं_मुरलेलं | दुपारी ४:४०

बोलू देतात, नागरिकत्व कुणी विचारत नाही. नाव आणि गाव सांगायचं. मी आमच्या काउंटीत दोनदा बोललेय. पहिल्या वेळी वाहून गेलेल्या सामानाची यादी वाचली, सगळे माना हलवत राहिले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. दुसऱ्या वेळी एकच प्रश्न विचारला, अमुक ठरावातलं काम कुठल्या तारखेला स्वीकारलं? तेव्हा प्रशासकाने कागद काढला. म्हणून प्रश्न एकच ठेवा, ज्याचं उत्तर तारीख किंवा नाव असेल असा. फोटो छापून न्या, सभेच्या क्लार्ककडे द्या.

आणि @दस्तऐवज यांनी वर लिहिलंय ते वाचलंत का? जिल्हा परिषदेच्या वादात ते खाली गेलं. ते सगळ्यात आधी करा.

अबोली | संध्याकाळी ५:०३

अगं बाई, ते वाचलंच नव्हतं. ९० दिवस?? आम्हाला कुणीच सांगितलं नाही. नोटीस कुणाला द्यायची, काउंटीला की टाउनशिपला?

दस्तऐवज | संध्याकाळी ५:२०

दोघांना. मोरी कुणाची हे ठरेपर्यंत थांबू नका. बऱ्याच ठिकाणी त्यांचा छापील फॉर्म असतो, क्लार्ककडे मागा, तोच भरा. नाव, पत्ता, तारीख, जागा, काय घडलं, काय नुकसान झालं, किती रक्कम मागताय. रकमेच्या पावत्या जोडा, फर्नेस बदलल्याचं बिल जोडा. दोन्ही नोटिसा सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. नोटीस दिली म्हणजे पैसे मिळतीलच असं नाही, सरकारी संस्थांना कायद्याचं संरक्षण बरंच आहे. पण नोटीसच नसेल तर दार बंद. शक्य असेल तर एकदा वकिलाला दाखवा.

घरचा_मिस्त्री | संध्याकाळी ५:४५

घराच्या विम्यातून मागितलं का?

अबोली | संध्याकाळी ५:५२

मागितलं. पुराचा विमा वेगळा असतो म्हणाले, आमचा नाही. आमचं घर पूररेषेत येत नाही म्हणून घेतलाच नव्हता.

पाटाचं_पाणी | रात्री ८:३०

दस्तऐवज यांचं बरोबर आहे, ते आधी.

कामाच्या बाजूने दोन गोष्टी. एक, आज रात्रीच ओप्राचा अर्ज टाका, काउंटीला आणि टाउनशिपला वेगवेगळा. तो इथला माहिती अधिकार. साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आपल्याकडे ३० दिवस. पण "मोरीबद्दलची सगळी माहिती" असं मागितलंत तर नाकारतील. त्या रस्त्यावरच्या सर्व मोऱ्यांचे क्रमांक, शेवटचा तपासणी अहवाल, आणि पत्रातल्या कामाचा ठेका व काम स्वीकारल्याचा कागद, एवढंच मागा.

दुसरं, रस्त्यावर मोरी एकच आहे हे गाडीतून बघून ठरवू नका. मोऱ्या वरून दिसत नाहीत. सहा मैलांच्या रस्त्यावर चार असू शकतात.

अबोली | रात्री ९:१४

दोन्ही अर्ज टाकले. यजमान म्हणतात दसऱ्याच्या दिवशी सभा, कसं जमणार. जमवते.

गोदाकाठ | मंगळवार, सकाळी ७:४०

तुमच्याकडे दसरा आहे हे विसरलोच होतो. इकडे २ ऑक्टोबरची सुट्टी, सभा नसतेच. शुभेच्छा ताई.

अबोली | शुक्रवार, ३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

काल जाऊन आले. सकाळी पूजा, मशीन गेलं तरी सासूबाईंनी त्याच्या कात्रीला हळद-कुंकू लावलं. संध्याकाळी सातला सभेत.

लोणचं_मुरलेलं यांनी सांगितलं तसा एकच प्रश्न विचारला: तिसऱ्या पानावरच्या मोरीचा क्रमांक काय आणि काम कधी स्वीकारलं? उत्तर तिथे मिळालं नाही, पण इंजिनिअरिंग विभागाचे एक गृहस्थ मागे बसले होते, ते बाहेर कॉरिडॉरमध्ये आले. फोनवर नकाशा उघडून दाखवला. पाटाचं_पाणी, तुमचंच खरं. आमच्या रस्त्यावर तीन मोऱ्या आहेत. पत्रातली मोरी दीड मैल पुढे, शाळेपाशी, आणि तिचं काम खरंच ऑगस्टमध्ये झालंय. आमच्या घराजवळची कुठल्याच यादीत नाही. मी सोमवारपासून त्या कमिशनरबाईंना खोटारडं म्हणत होते, त्याचं वाईट वाटतंय.

मोरी काउंटीची आहे हे त्यांनी तोंडी मान्य केलं. तोंडाचा गाळ पुढच्या आठवड्यात काढू म्हणाले. बदलायची कधी ते सांगता येणार नाही, आधी तपासणी. मी त्यांच्यासमोरच नाव, हुद्दा, वेळ वहीत लिहिली.

दोन्ही नोटिसा बुधवारीच टपालात टाकल्या, पोचपावतीसह.

दस्तऐवज | सकाळी ८:४१

छान केलंत. जे तोंडी मान्य केलं ते त्यांना आजच ईमेलने लिहून पाठवा, "काल आपण असं म्हणालात" म्हणून. आणि गाळ काढायच्या आधी फोटो घ्या, तारखेसकट. एकदा साफ झालं की पुरावा गेला.

अष्टगंध | सकाळी ९:०२

ताई, ते ज्येष्ठांच्या बसचं त्यांना विचारलंत का?

अबोली | सकाळी ९:३०

नाही हो, ते इंजिनिअर होते. पण पत्राच्या मागच्या पानावर बसच्या ऑफिसचा फोन आहे, भावाची काउंटी आमचीच असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, देते. फोटो काढायला आत्ता निघालेय.