कोचीच्या यॉट कुणी पळवल्या, चाच्यांनी की कस्टमने?

सुकाणू

कोचीला राहून आलेल्यांना बोलगट्टी माहीत असेल. डचांनी 1744 मध्ये बांधलेला राजवाडा, आता केरळ पर्यटन महामंडळाचं हॉटेल. त्याच्या समोरच्या पाण्यात एकेकाळी हिवाळाभर परदेशी शिडाच्या बोटी नांगर टाकून असायच्या. नवरा-बायको, फार तर दोन पोरं, दहा-बारा मीटरची बोट, आणि बेत पृथ्वीप्रदक्षिणेचा. थायलंड, श्रीलंका करून यायचे आणि ईशान्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रामार्गे सुएझला जायचे. रबरी होडीने बोलगट्टी जेट्टी, तिथून फेरीबोटीने हायकोर्ट जेट्टी, ब्रॉडवेवर बाजारहाट, डिझेल कॅनमधून. आपल्या किनाऱ्यावर असं दुसरं बंदर नव्हतं.

डिसेंबर 2008 मध्ये व्हॉल्वो ओशन रेस ही शिडाच्या बोटींची जगप्रदक्षिणेची शर्यत कोचीत थांबली. 2010 मध्ये बोलगट्टीला मरीनासुद्धा झाली, म्हणजे अशा बोटींसाठी बांधलेला खास धक्का. म्हणजे मांडव पडला आणि वऱ्हाड गायब!

सगळे सोमाली चाच्यांकडे बोट दाखवतात. पण 2012 नंतर त्यांचा जोर ओसरला. ज्या थोड्या बोटी परत या वाटेने येऊ लागल्या त्या मालदीवच्या उलिगमला थांबून सरळ जिबूतीकडे निघायच्या. कोचीकडे वळायला नको वाटायचं, कारण आपले कागद. कोचीहून गोव्याला जायचं तरी कस्टम आणि बंदर खातं पुन्हा पहिल्यापासून. मालवाहू जहाजाचे फॉर्म एका जोडप्याने भरायचे, 'माल' आणि 'लपून आलेले प्रवासी' या रकान्यांत 'नाही' लिहायचं, दारूच्या बाटल्यांपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळ्याची यादी द्यायची. चाच्यांनी बोटी घालवल्या हे मान्य. त्या परत येऊ दिल्या नाहीत त्या आपण.

मतलई

साफ असहमत. कागद 1995 मध्येही तेवढेच होते, तरी बोटी येत होत्याच.

नकाशा बघा. 2010 मध्ये जहाज-विमा आणि शिपिंगवाल्यांनी चाच्यांच्या धोक्याची हद्द 78 अंश पूर्व रेखांशापर्यंत आणली. कोची 76 अंशांवर. म्हणजे बंदरच धोक्याच्या पट्ट्यात! फेब्रुवारी 2011 मध्ये 'क्वेस्ट' ही अमेरिकन यॉट मुंबईहून निघून ओमानकडे जात होती. चाच्यांनी पकडली, चौघेही मारले गेले. त्यानंतर कोणता विमेवाला हो म्हणेल? व्हॉल्वोवाल्यांनी पुढच्या शर्यतीत बोटी चक्क जहाजावर चढवून आखाताकडे नेल्या. बाकीच्यांनी मॉरिशस, रियुनियन, केप टाउन हा रस्ता धरला आणि तोच पक्का झाला.

ती रेषा 65 अंशांवर सरकायला डिसेंबर 2015 उजाडला, पट्टा रद्द झाला 1 जानेवारी 2023 ला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. तुमच्या 'आपण' लोकांना संधी मिळाली कधी? आणि श्रीलंकेत गॉलला एजंट केल्याशिवाय पान हलत नाही, तरी बोटी तिथे जातात. कोची मुळात वाटेवरचा थांबा होता. वाट बदलली, थांबा गेला. एसटीने रस्ता बदलला की हॉटेलवाला चहाच्या चवीवर चर्चा करत नाही.

वेसाव्याचा तांडेल

तुम्ही दोघंही गोऱ्यांच्या काळजीत. त्याच 78 अंशांच्या रेषेमुळे जहाजांवर बंदूकवाले बसले आणि फेब्रुवारी 2012 मध्ये 'एन्रिका लेक्सी'वरच्या इटालियन नौसैनिकांनी केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छीमार गोळ्या घालून मारले. चाचे समजून म्हणे! ते जहाज आणलं कुठे, तर कोचीलाच.

आणि तपासणीचं काय घेऊन बसलात? 'कुबेर' ट्रॉलर पळवून दहा जण मुंबईत घुसले ते 2008 सालीच. तेव्हापासून आमच्या होडीवर प्रत्येक खलाशाचं कार्ड, होडीला ठरलेला रंग, आत येताना-जाताना विचारपूस. दोन रात्री जागून माल घेऊन येणाऱ्याला थांबवता, मग पाहुण्याने यादी लिहिली तर हात दुखतो का?

सुकाणू

तांडेलदादा, तपासणीला ना नाही, करा की. एकदा करा, नीट करा, पण प्रत्येक बंदरात तीच कशाला? सॅटेलाइट फोनचं उदाहरण घ्या. भर समुद्रात हवामान कळायचं ते साधन. आपल्याकडे परवान्याशिवाय बंदी. गोव्याच्या विमानतळावर असल्याच यंत्रापायी परदेशी प्रवासी अडकल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. बोटवाले त्या वाचत नसतील?

मतलई, 2016 ते 2019 ही चार वर्षं तुम्ही अलगद गाळलीत. एसटीचा दाखला झकास आहे, पण तेव्हा एसटी पुन्हा थोडी थोडी सुरू झाली होती आणि आपलं हॉटेल बंद होतं.

गाळमित्र

मरीनात पाणी किती ते कुणी विचारलंच नाही. वेंबनाड सरोवराच्या तोंडावर गाळ इतका भरतो की बंदराला मोठ्या जहाजांची वाट वर्षभर उपसत ठेवावी लागते. मरीनाच्या कोपऱ्यासाठी कोण उपसणार? दोन मीटर खोल कीलची (तळाखालच्या पात्याची) बोट ओहोटीला चिखलात बसते. बाकी चालू द्या.

दिवाडकरीण

'म्हादेई' ही शिडाची बोट बांधली आमच्या गोव्यात दिवाडीला, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. ती घेऊन दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने जग फिरून आले, मग अभिलाष टॉमी न थांबता. 'तारिणी' बोटीच्या सहा जणी 2018 मध्ये परतल्या. सगळे नौदलाचे, सगळ्यांचं कौतुक. पण यातलं कुणी पाहून सांगली-साताऱ्याच्या एखाद्याने शिडाची बोट घ्यायची म्हटली तर ठेवायची कुठे? मुंबईत रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 पासून आहे आणि बोटी अजून गेटवेसमोर उघड्यावर झुलतात, पावसाळ्याआधी उचलायच्या. मरीना पाहुण्यांवर चालत नाही हो, घरच्या बोटींवर चालते. घरच्या पन्नास बोटी असत्या तर गाळही उपसला असता, फॉर्मही सुटसुटीत झाले असते. कोचीने वऱ्हाडासाठी मांडव घातला, घरात माणूसच नव्हतं. हे माझं वैयक्तिक मत.

मतलई

ताईंशी सहमत. सुकाणू, त्या चार वर्षांत तांबड्या समुद्राने वर गेलेल्या बोटी केपने गेलेल्यांपुढे मूठभर होत्या. त्या सगळ्या कोचीत आणल्या असत्या तरी मरीना भरली नसती.

वेसाव्याचा तांडेल

घरच्या पन्नास बोटी आमच्या बंदरात आणू नका म्हणजे झालं. आम्हालाच धक्क्याला जागा नाही.